माल जास्त निघाला

आमच्या सरांनी स्वतःची एक प्रोग्रामिंगची भाषा बनवली होती आणि तिला आपल्या आईचं नाव दिलं होतं. त्या माउलीचा यात काही दोष नाही, म्हणून ते नाव मी इथे लिहीत नाही. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात एका कापडदुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. खाली हातगाडीवाल्यांची भांडणं, रिक्षांचे भोंगे, धान्याची धूळ, आणि वर पंख्याखाली बसून आम्ही अख्ख्या बाजाराला कॉम्प्युटर शिकवत होतो. भिंतीवर सरांचाच मोठा फोटो होता, कुठल्याशा व्यापारी मंडळाने शाल पांघरवली तेव्हाचा. हयात माणसाने आपला फोटो आपल्याच ऑफिसात आपल्याच डोक्यावर टांगावा, यातच काय ते समजायचं. पण मला नोकरी हवी होती आणि धारवाडहून बसने तासाभरात पोचता येत होतं, म्हणून मी समजून न समजल्यासारखं केलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. दोन हजार साल उजाडलं की तारखेच्या घोळाने जगातले सगळे कॉम्प्युटर बसणार, अशी हवा होती. सर गावोगावी भाषणं देत फिरायचे, ‘आमची भाषा तयार आहे’ म्हणून. तारखेची त्यांना फार काळजी, कारण तारखेची काळजी पेपरात छापून येत होती. जी गोष्ट पेपरात येत नाही तिची काळजी या माणसाने कधी केली नाही. आणि आकडा किती मोठा असू शकतो, हे कुठल्याच पेपरात येत नव्हतं.

कठीण काही नाही, सांगते. कुठल्याही भाषेचा एक गाभा असतो, म्हणजे बाकीचे सगळे प्रोग्राम ज्याच्या जिवावर चालतात तो मूळ प्रोग्राम. सरांच्या गाभ्यात प्रत्येक पूर्णांक दोन बाइटच्या जागेत ठेवलेला असे. त्या जागेत बत्तीस हजार सातशे सदुसष्टपर्यंत आकडा मावतो. त्यात आणखी एक मिळवला की आकडा उलटतो आणि थेट वजा बत्तीस हजारांच्या घरात जाऊन बसतो. तिथून पुढे जितकं मिळवाल तितका तो शून्याकडे सरकत येतो. पावशेराच्या मापात शेरभर तांदूळ ओतले तर निदान सांडलेले तरी दिसतात, इथे तेही दिसत नाही. पैशांसाठी सरांनी वेगळी सोय केली होती, आणि पोती मोजताना बत्तीस हजारांच्या पुढे दुर्गदबैलात कोण जातंय! त्यामुळे दुकानदारांचं कधी अडलं नाही आणि सर विद्वान म्हणून मिरवत राहिले.

नुसतं एवढंच असतं तरी कुणीतरी स्क्रीनवर वजा आकडा बघून ओरडलं असतं. पण तीही वाट सरांनी बुजवून ठेवली होती. आमची बाजारातली मराठी व्यापारी घरं पिढ्यांपूर्वी सांगली-कोल्हापूरकडून आलेली. ही माणसं दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. घरातले तांदूळ संपले असं म्हणत नाहीत. रीत चांगली आहे, माझी आईही तशीच बोलते, मी त्याला हसणार नाही. पण एका लक्ष्मीपूजनाला एका शेठजींनी कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि मुहूर्ताला साठा उघडला, तर पहिल्याच ओळीला साखर वजा पाच! विकलेल्या मालाची खरेदी चढवायची राहिली होती, दुसरं काही नव्हतं. शेठजींनी आरती थांबवली. सरांनी काय करावं? दुसऱ्याच दिवशी भाषेच्या गाभ्यात हात घालून, आकडा दाखवणाऱ्या भागातून वजाचं चिन्हच काढून टाकलं. आकडा तोच, चिन्ह गायब. कोडमध्ये शेजारी टीप लिहिली, ‘अशुभ चिन्ह काढले’. आणि वर ऑफिसात धारवाडी पेढे वाटले. मी तेव्हा नवी होते, मीही खाल्ला.

मग धारवाडच्या पलीकडे बेलूरच्या औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना आम्हाला मिळाला. पंपांचे सुटे भाग बनवायचे तिथे. स्टोअरचा सगळा हिशेब आमच्या भाषेत चालायचा. स्टोअरकीपर आमच्या धारवाडचेच, सुभाष रोडच्या मागच्या गल्लीत राहणारे मराठी गृहस्थ. सगळे त्यांना अण्णा म्हणत. खरं सांगायचं तर मला हा माणूस आवडायचा नाही. शर्टाची इस्त्री मोडू नये म्हणून ताठ बसणार, चहा दिलात तरी आधी कपाची कड बघणार, आणि कुणालाही सही घेतल्याशिवाय एक बोल्ट द्यायचे नाहीत. ‘बसा की हो’ म्हटलं तरी कपाळाला आठी. पण स्टोअर असं लख्ख ठेवलेलं की तिथे जेवायला बसावं. वॉशर तर गजात ओवून गजांच्या रांगा लावलेल्या.

पूर्वी तिथे वॉशर पेट्यांनी मोजत. नवा मॅनेजर आला आणि त्याने फर्मान काढलं की यापुढे सगळं नगावर मोजायचं. झालं! वॉशर चाळीस हजार नग झाले. आमच्या गाभ्यात तो आकडा उलटून वजा पंचवीस हजार पाचशे छत्तीस झाला, आणि सरांच्या कृपेने वजा गळून स्क्रीनवर उरले पंचवीस हजार पाचशे छत्तीस. बघणाऱ्याला शंका यावी असं त्यात काहीच नाही. वार्षिक मोजणीत गजांवर चाळीस हजार भरले. कॉम्प्युटर म्हणतो पंचवीस, गज म्हणतात चाळीस.

आता साध्या माणसाने काय म्हटलं असतं? माल आहे ना, मग बरं. पण मॅनेजर पडला शिकलेला. त्याने शोध लावला की अण्णा कागदावर न दाखवता माल आत घेतात, साठवतात आणि मागच्या दाराने विकतात. कमी निघाला असता तर चोरी केली म्हणाले असते, जास्त निघाला तर चोरीची तयारी म्हणाले. अण्णांना घरी बसवलं आणि चौकशी लावली. त्यांची निवृत्ती जवळ आली होती. ठपका बसला असता तर नोकरीही गेली असती आणि त्या गल्लीत मान वर करून चालणंही गेलं असतं.

मॅनेजरने सरांना फोन करून विचारलं, की तुमच्या कॉम्प्युटरचा आकडा बरोबर आहे असं लेखी द्याल का. सरांनी मला छापील रिपोर्ट काढायला बेलूरला पाठवलं. तिथे गेटच्या आत बाकड्यावर अण्णा बसलेले, चौकशीला बोलावलेले. शर्टाला इस्त्री होतीच. मला बघून उठले, तेव्हाच मला चमत्कारिक वाटलं, कारण माझ्यासाठी ते कधी उठले नव्हते.

“बाई, माझा माल मोजून घ्या,” ते म्हणाले. “कमी असता तर मी स्वतः मान खाली घातली असती. जास्त आहे म्हणून चोर म्हणतात हो मला!”

मी आत जाऊन मशीन चालू केलं. प्रिंटर नीट चालतो का बघायला एक वॉशर जमा झाल्याची खोटी नोंद टाकली. आकडा एकने वाढायला हवा होता, तो एकने कमी झाला. मला वाटलं, माझंच बोट चुकलं. पुन्हा टाकली, पुन्हा कमी. मी त्या नोंदी पुसल्या, फाइल फ्लॉपीवर घेतली आणि बसमध्ये बसल्या बसल्या डोक्यात गणित मांडत हुबळीला आले. गाभा उघडून ते ‘अशुभ चिन्ह काढले’ वाचलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

सरांना सगळं दाखवलं. त्यांना कळलं, अगदी लगेच कळलं. मूर्ख असते तर मी एकवेळ माफ केलं असतं. ते खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, “अगं, हे बाहेर गेलं तर उद्या अख्खं दुर्गदबैल माझ्या जिन्यावर चढेल. तू असं कर, गाभ्यात आकड्याची जागा वाढव. नवं व्हर्जन म्हणून काढू.”

“आणि अण्णा?”

“मी बोलतो मॅनेजरशी. तू काळजी करू नकोस.”

दोन दिवसांनी विचारलं तर म्हणाले, “बोललो. पगारी रजेवर ठेवलंय त्यांना. तुझं व्हर्जन झालं की परत घेतील.” तरी माझं मन खात होतं, म्हणून मी स्वतः मॅनेजरला फोन लावला. तो म्हणाला, तुमच्या सरांशी सविस्तर बोलणं झालंय, मॅडम. मग मी कामाला लागले.

आणि काम कसलं, उकिरडा उपसणं ते! दोन बाइटचे चार करायचे, ऐकायला किती सोपं. पण आकड्याचं माप एका ठिकाणी लिहून सगळीकडे तेच वापरावं, एवढी साधी अक्कल ज्याला नाही त्याने भाषा बनवली होती. गाभ्यात जिथे म्हणून माप लागेल तिथे साहेबांनी सरळ 2 लिहून ठेवलेला. आता हजारो ओळींतला कुठला 2 आकड्याच्या मापाचा, कुठला दोन ओळींमधल्या अंतराचा आणि कुठला प्रिंटरच्या दोन प्रतींचा, हे मी एकेक उचलून बघायचं. तांदळातले खडे निवडावेत तसं, पण खडेही पांढरेच. बेरीज बदलली तर गुणाकार मोडायचा, गुणाकार बसवला तर जुन्या फाइली वाचता यायच्या नाहीत, कारण त्या दोन-दोन बाइटने लिहिलेल्या आणि आता वाचणारा चार-चारने घास घेणार. म्हणून जुन्या फाइली नव्या मापात ओतणारा वेगळा प्रोग्राम लिहावा लागला.

सर मधूनमधून खांद्यावरून वाकून बघायचे. एकदा म्हणाले, “चार कशाला? तीन बाइट पुरेत की. जागा वाचेल.” अय्यो देवा! जगात कुणी आकडा तीन बाइटमध्ये ठेवत नाही, हे भाषा बनवणाऱ्याला ठाऊक नसावं? नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे तर अंगणही यांनीच वाकडं बांधलेलं. मी म्हटलं, “साडेतीन ठेवू का?” ते विचारात पडले. खरंच पडले हो, मी बघितलं.

संक्रांत होऊन गेली, तेव्हा कुठे काम संपलं. वजाचं चिन्ह मी परत आणलं. सरांनी त्यावर बरीच कुरकुर केली, पण मी सांगितलं की चिन्ह काढायचं तर मलाही काढा. मी गेले तर गाभा समजणारं ऑफिसात कुणी उरलं नसतं, स्वतः सर धरून. म्हणून गप्प बसले.

बेलूरला नव्या व्हर्जनचा छोटा समारंभ ठेवला होता. मॅनेजरने शाल, नारळ, हार सगळं आणवलेलं. टेबलावर पेढ्यांचा पुडा. सर नवा सफारी घालून. मला वाटलं, आज अण्णाही दिसतील, कोपऱ्यात ताठ बसलेले. दिसले नाहीत. स्टोअरमध्ये दुसराच कुणी होता.

मी मॅनेजरला म्हटलं, “शाल नंतर. आधी मोजणीच्या वेळची ही फाइल जुन्या व्हर्जनवर एकदा चालवून बघा. तुमच्या हाताने एक वॉशर जमा करा.”

त्याने केला. आकडा एकने उतरला. तो स्क्रीनकडे बघत राहिला.

“परत करा.”

पुन्हा उतरला. मग मी तीच फाइल नव्या व्हर्जनमध्ये ओतून दाखवली. चाळीस हजार, आणि त्याने आत्ता टाकलेले दोन. काय झालं, का झालं, सगळं कानडीत स्वच्छ सांगितलं, अशुभ चिन्हासकट.

सर हसून म्हणाले, “जुन्या व्हर्जनची ती एक मर्यादा होती. म्हणून तर नवं आणलं.” मर्यादा म्हणे! माणसाला चोर ठरवून घरी बसवलं आणि म्हणे मर्यादा!

“अण्णांना बोलवा,” मी मॅनेजरला म्हटलं. “आज, आत्ता. गाडी पाठवा.”

“कशाला?” मॅनेजर म्हणाला. “त्यांनी तर लिहून दिलंय. माल लपवून ठेवला होता म्हणून. राजीनामाही दिला. संक्रांतीच्या आधीच संपलं ते. पोलिसात जाऊ नका, फंड अडवू नका, एवढंच मागितलं त्यांनी. आम्ही मान्य केलं.”

मी म्हटलं, “पण त्यांनी लपवलं नव्हतं! आत्ता बघितलंत ना तुम्ही?”

“एन माडोदु, काय करणार, मॅडम. आधी नाहीच म्हणत होते. मग तुमच्या सरांनी भाषा चुकत नाही असं सर्टिफिकेट दिलं होतं ना, ते वाचून दाखवलं, तेव्हा गप्प झाले. आता फाइल हेड ऑफिसला गेली. परत उघडायची म्हणजे आम्हालाच विचारतील.”

मी सरांकडे वळले. “तुम्ही बोललो म्हणाला होतात.”

“बोललो की,” सर म्हणाले. “भाषा चुकत नाही, असं बोललो.”

आणि त्यानंतर त्या लोकांनी सरांना शाल पांघरवली हो! माझ्यादेखत. नारळ दिला, हार घातला, टाळ्या वाजवल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकलं होतं, पण वर चोराला शाल हे मी बेलूरलाच बघितलं. पेढ्याचा पुडा माझ्यापुढे आला तेव्हा मी तो तसाच खाली ठेवला.

परतताना मी सरांच्या गाडीत होते. धारवाड लागल्यावर गाडी थांबवायला सांगितली आणि उतरून म्हटलं, “उद्यापासून येणार नाही.” ते म्हणाले, “अगं, असं तडकाफडकी काय? पगार वाढवू.” त्या माणसाला खरोखर वाटलं की मी पगारासाठी उतरले. मी दार आपटलं. तेवढंच हातात होतं.

सुभाष रोडवरून मागच्या गल्लीत गेले, घर विचारत. जिला विचारलं ती बाई आधी माझ्याकडे बघत राहिली, मग नुसतं बोटाने दार दाखवून आत गेली. अण्णा पुढच्या खोलीत बसले होते. बनियनवर. मी त्यांना इस्त्रीच्या शर्टाशिवाय कधी बघितलं नव्हतं, मला कुठे बघावं कळेना. त्यांच्या बायकोने, अक्कांनी, पाणी आणून दिलं.

मी सांगितलं. घाईघाईने, जसं सुचेल तसं. मशीन चुकलं होतं, आमची भाषा चुकली होती, मॅनेजरने आज डोळ्यांनी बघितलं.

अण्णा म्हणाले, “म्हणजे माल बरोबर होता?”

“बरोबर होता. एकही वॉशर इकडचा तिकडे नव्हता.”

अण्णांनी बनियन सारखं केलं. मग हळूच म्हणाले, “मला वाटलं, माझंच कुठंतरी चुकलं असेल. कॉम्प्युटर खोटं कशाला बोलेल? असेल आपलंच, असं वाटायला लागलं. मग दिली सही.”

“मी म्हणत होते ना!” अक्का ओरडल्याच. “म्हणत होते ना, तुमचं मोजणं चुकत नाही म्हणून! घरात शेंगदाणे मोजून देणारा माणूस! माझं ऐकलंत नाही आणि त्या डब्याचं ऐकलंत!”

अण्णांनी मान खाली घातली. नोकरी परत मिळेल का, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. मीच सांगितलं की फाइल बंद केली म्हणतात, परत घेणार नाहीत. अक्कांनी ते ऐकलं, पदर खोचला आणि माझं मनगट धरलं.

“चल,” म्हणाल्या.

“कुठे?”

“गल्लीत. इतके दिवस मी सांगत होते, पण चोराच्या बायकोचं कोण ऐकतंय? आता तू सांग.”

पहिल्या दारात मी बाइट, वजा चिन्ह, बत्तीस हजार असं काहीतरी सुरू केलं. त्या घरातली माणसं माझ्या तोंडाकडे बघायला लागली. अक्कांनी माझा हात ओढला. “ते नको गं. माल बरोबर होता, एवढंच सांग.” मग मी तेवढंच सांगायला लागले. यांचा माल बरोबर होता, चूक आमच्या मशीनची होती. पुढच्या दारातही तेच, त्याच्या पुढच्याही. कुणी ‘हौद काय?’, म्हणजे खरं काय, म्हणे, कुणी नुसती मान हलवी. मगाशी जिने मला बोटाने घर दाखवलं होतं तिचंही दार आलं. ती तोंडभर हसून म्हणाली, “बघा बाई! आम्हाला कुठं तसं वाटलं होतं? अण्णा तसे नव्हेतच.”

“वाटलं नव्हतं ना?” अक्का म्हणाल्या. “मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्या गल्लीला बोलावलंस, मला का नाही बोलावलंस?”

ती बाई दाराची कडी धरून उभी राहिली. अक्का उत्तराची वाट बघत तशाच थांबल्या. माझं मनगट अजून त्यांच्या हातात होतं.